चारशे मीटरचा टोल

रस्त्याचे पैसे कुणी भरायचे, हा प्रश्न विचारणाऱ्याला कॉलनीतल्या बेचाळीस घरांनी माफ केलं असतं. पण मिलिग्रॅमने त्याचं उत्तर दिलं, आणि उत्तर देणाऱ्याला माफी नसते.

मिलिग्रॅम हे त्याचं कॉलनीतलं नाव. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे काटे तपासून त्यांवर शिक्का मारणं हे त्याचं काम, आणि काम ऑफिसात ठेवून घरी येणं त्याला कधी जमलं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे रांगेतली नऊ माणसं खोळंबून ठेवून त्याने तिच्या तराजूतला सहा ग्रॅमचा फरक शोधून काढला, त्या दिवशी हे नाव पडलं. नावाचा त्याला राग नव्हता. राग एवढाच की, सहा ग्रॅम म्हणजे सहा हजार मिलिग्रॅम. नाव ठेवायचं तर निदान अचूक तरी ठेवावं.

तर रस्ता. हमरस्त्यापासून कॉलनीच्या शेवटच्या घरापर्यंत चारशे मीटर, आणि त्यात एकशे तेरा खड्डे. शेवटचं घर मिलिग्रॅमचं. खड्डे त्याने एका सुट्टीच्या सकाळी पट्टी घेऊन मोजले होते, खोलीसह. सर्वांत खोल खड्डा एकोणीस सेंटिमीटरचा आणि तो वकीलकाकांच्या फाटकासमोर. "कॉलनीचे अध्यक्ष आहेत ना, मान त्यांचाच," बायको म्हणाली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या चारशे मीटरच्या पलीकडे मिलिग्रॅमची आई अडकली होती. तीन-चार आठवड्यांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की गाडीतून नेताना हादरा बसता कामा नये. म्हणून दवाखान्यातून ती थेट ताईकडे, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीकडे गेली. तिच्या दारापर्यंत रस्ता गुळगुळीत. तिथे आई हॉलमधल्या दिवाणावर झोपायची आणि जावईबापूंच्या बातम्या संपेपर्यंत झोपेचं सोंग करायची. तक्रार एका शब्दाने नाही. फक्त रोज सकाळी फोन करून विचारायची, "झाला का रे रस्ता?" जणू मिलिग्रॅमने तो गॅसवर उकळायला ठेवलाय. आता महिनाअखेरच्या रविवारी ताईचे सासू-सासरे मुक्कामाला येणार होते, आणि दिवाण एकच होता.

"माझं काय, मी खुर्चीत बसून झोपेन," आई म्हणाली.

त्या दिवशी मिलिग्रॅमने ऑफिसात एका वाण्याचा अगदी बरोबर असलेला काटा तीनदा तपासला, काहीतरी चूक सापडेल या आशेने.

सभा वकीलकाकांच्या गच्चीवर भरली. ठेकेदाराने अडीच लाख सांगितले होते. वकीलकाका म्हणाले, "बेचाळीस घरं, प्रत्येकी सहा हजार. विषय संपला."

विषय तिथे सुरू झाला. पहिल्या घरात राहणारे रोखपालकाका बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "माझं घर हमरस्त्याला लागून. मी तुमचा रस्ता नऊ पावलं वापरतो. नऊ पावलांचे सहा हजार?" कुणीतरी मागून सांगितलं की आमच्याकडे सायकलसुद्धा नाही. ज्यांच्या दारात तीन मोटारी होत्या त्या गृहस्थांना मात्र समानतेचं तत्त्व फार भावलं. सगळी घरं सारखी, माणूस माणूस सारखा, असं ते बराच वेळ बोलले. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या व्हॅनताई म्हणाल्या, "या रस्त्याने माझ्या गाडीच्या स्प्रिंगा खाल्ल्या. मी कसली देते, रस्त्यानेच मला द्यायला पाहिजेत."

तेव्हा मिलिग्रॅम उभा राहिला. तो बोलायला उभा राहिला की लोक घड्याळ बघत, पण त्या दिवशी त्याच्याकडे खरोखर मुद्दा होता.

"जो रस्ता वापरतो, त्याने भरायचं," तो म्हणाला. "आणि जितका रस्ता झिजवतो, तितकं भरायचं. हमरस्त्यावर टोल असतो, तसा आपण आपल्या गल्लीत लावू. पण न्यायाने."

"न्याय म्हणजे किती?" रोखपालकाकांनी विचारलं.

"चौथा घात."

यानंतर त्याने जे सांगितलं ते, विज्ञानाच्या दृष्टीने बघता, चुकीचं नव्हतं. रस्त्याची झीज चाकांवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात होते. म्हणजे वजन दुप्पट झालं की झीज दुप्पट नाही, सोळापट. मोटारीच्या एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, सहाशे किलो येतात. कॉलनीत येणाऱ्या, पाण्याने भरलेल्या टँकरच्या मागच्या आसावर दहा टन. भागाकार करा, चौथा घात काढा. "मोटारीने एका फेरीला एक रुपया द्यायचा ठरला," मिलिग्रॅम म्हणाला, "तर टँकरने सत्याहत्तर हजार एकशे साठ."

लोकांनी आकडा एकमेकांकडून पुन्हा ऐकून घेतला. मग एकेका चेहऱ्यावर उजेड पडत गेला. टँकर कुणाचाच नव्हता.

"आणि स्कूटरला?" मागून आवाज आला.

"बाराशे शहाण्णव फेऱ्यांना मिळून एक रुपया."

"मग मी आत्ताच दोन रुपये देतो. नातवंडांपर्यंतचा पास करून टाका."

ठराव एकमताने मंजूर झाला. बेचाळीस घरांना बेचाळीस प्रकारचा न्याय हवा होता, आणि हा पहिलाच न्याय असा निघाला की ज्याचे पैसे बाहेरचा माणूस भरणार होता. तीन मोटारीवाल्या गृहस्थांनी मिलिग्रॅमशी हस्तांदोलन केलं. घरी येताना तो चालत नव्हता, तरंगत होता. एक पाय खड्ड्यात गेला तेव्हाच जमिनीवर आला.

"टँकरवाला खरंच देईल?" बायकोने विचारलं. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि लोक काय द्यायला तयार असतात याचा तिला रोजचा अनुभव होता.

"गणित आहे ते," मिलिग्रॅम म्हणाला. "त्याला कोण नाही म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी तो परवानगीसाठी नगरपालिकेत गेला. रस्ते विभागातल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, उलटा करून कोऱ्या बाजूनेही बघितला.

"रस्ता आमचा असेल तर टोल तुम्हाला लावता येणार नाही," कारकून म्हणाला.

"आणि आमचा असेल तर?"

"तर आमच्याकडे कशाला आलात?"

"म्हणजे आमचा आहे?"

"असं मी कुठे म्हणालो?" कारकुनाने नकाशा पसरला. कॉलनीच्या जागी चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता. "मोजणी करावी लागेल. मोजणीवाले जीपने येतात. पण तुमच्या रस्त्यावर जीप घालायची नाही असं ड्रायव्हरने लेखी दिलंय."

मिलिग्रॅमने या संभाषणाचा शांतपणे विचार केला आणि नकार कुठेच सापडत नाही, म्हणजे होकार आहे, असा निष्कर्ष काढला.

त्यानंतरचा आठवडा त्याच्या आयुष्यातला सर्वांत कार्यक्षम आठवडा होता. ऑफिसातून चाकाखाली ठेवायचे वजनकाटे रीतसर अर्ज करून आणले. ते वर्षातून एकदा तपासून शिक्का मारावा लागतो आणि मुदत संपलेली. म्हणून त्याने स्वतःचेच काटे स्वतः तपासले, एका काट्यात दोषही काढला, स्वतःला ताकीद दिली, तो दुरुस्त केला आणि मग शिक्का मारला. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी नळीचा आडवा दांडा बसवला. रोखपालकाकांनी छत्रीखाली टेबल मांडून ओला स्पंज, रबरी शिक्का आणि दुहेरी पावतीपुस्तक घेऊन आसन जमवलं. पाच वर्षं निवृत्तीत काढलेला माणूस, तो दांड्यापाशी बसला आणि त्याची पाठ ताठ झाली.

फलकावर दर होते. पायी, शून्य. स्कूटर, बाराशे शहाण्णव फेऱ्यांस एक रुपया. मोटार, एक रुपया. टँकरच्या दरावर मात्र वकीलकाका अडून बसले. सत्याहत्तर हजार लिहिलं तर टँकरवाला आपल्यालाच कोर्टात खेचेल, म्हणाले. शेवटी पाचशे ठरले. मिलिग्रॅमच्या जिवावर आलं होतं, म्हणून त्याने खाली बारीक अक्षरात लिहिलं: "सवलत ९९.३५ टक्के." लोकांना निदान कळलं पाहिजे की आपण किती उदार आहोत.

पहिल्याच सकाळी आठ वाजता हमरस्त्यापर्यंत रांग लागली. रोखपालकाका प्रत्येक रुपया उजेडात धरून बघत.

"काका, मी रोज तुमच्यासमोर राहतो," एक मोटारवाला म्हणाला.

"रुपया कुठे राहतो ते मला माहीत नाही," काका म्हणाले आणि दुसरी प्रत फाडली.

मग सवलती सुरू झाल्या. वकीलकाका अध्यक्ष, म्हणून त्यांना पास. व्हॅनताईंची व्हॅन म्हणजे शिक्षण, म्हणून पास. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना तातडीची सेवा म्हणून पास. दात तातडीचा कसा, हे मिलिग्रॅमने विचारलं तेव्हा ते म्हणाले, दुखेल तेव्हा या. तीन मोटारीवाल्या गृहस्थांनी दोन मोटारी हमरस्त्यावर लावायला सुरुवात केली आणि तिसरी पाहुण्यांची आहे असं सांगितलं. बाकीच्यांनी शेजारच्या बालवाडीच्या मैदानातून वाट काढली, आणि बालवाडीच्या बाई घसरगुंडी आडवी टाकून उभ्या राहिल्या. आठवड्याच्या शेवटी एकोणचाळीस घरांना सवलत होती. तीन घरं नियमित भरत होती आणि ती तिन्ही मिलिग्रॅमशी बोलत नव्हती. जमा झालेल्या पैशांत पावतीपुस्तकाची छपाईसुद्धा सुटली नव्हती.

"काळजी करू नका," मिलिग्रॅम रोखपालकाकांना म्हणाला. "मोटारी म्हणजे चिल्लर. खरा हिशेब टँकरचा."

टँकरवाला फलकासमोर थांबला. खाली उतरला. जाडजूड, मिशीवाला, सावकाश बोलणारा माणूस. त्याने सगळा फलक वाचला, बारीक अक्षरसुद्धा.

"साडेनव्याण्णवला थोडी कमी," तो म्हणाला. "एवढी सवलत मला घरच्यांनी पण कधी दिली नाही." आणि पाचशेची नोट काढून दिली.

मिलिग्रॅमला गहिवरून आलं. रोखपालकाकांनी नोट स्पंजावर बोट ओलं करून मोजली, एकच असूनही.

टाक्या भरून झाल्यावर टँकरवाल्याने पाण्याची पावती दिली. खेप नेहमीची, वर रस्त्याचे पाचशे, वर रांगेत थांबण्याचे पन्नास.

"हे काय?" मिलिग्रॅमने विचारलं.

"टोल."

"टोल तुम्ही भरायचा. झीज तुमच्या गाडीने होते."

"गाडीने कुठे होते साहेब, पाण्याने होते. रिकामी गाडी हलकीच आहे माझी. पाणी कोण पितं?"

मिलिग्रॅमने पावती पुन्हा वाचली. पाणी बेचाळीस घरं पीत होती, आणि पाण्याचे पैसे बेचाळीस घरांत सारखे वाटले जात होते. चौथा घात, वजनकाटे, सवलत, सगळं फिरून पुन्हा वकीलकाकांच्या समान वर्गणीवर येऊन उभं राहिलं होतं. वर पन्नास रुपये जास्त.

पण शास्त्राचा माणूस एका प्रयोगाने खचत नाही. त्याने जागच्या जागी आकडेमोड केली. "अर्धा टँकर आणा. दोन खेपा करा. गाडीचं स्वतःचं वजन धरूनही झीज तिपटीने कमी होते."

"दोन खेपांचं डिझेल कोण घालणार?"

"कॉलनी."

"मग मला चालेल," टँकरवाला म्हणाला. "तुम्ही एकदा कॉलनीला विचारा."

मिलिग्रॅमने विचारलं. कॉलनीने जे उत्तर दिलं ते लिहिण्याजोगं नव्हतं. तीन दिवसांनी टँकरवाल्याने रांगेला कंटाळून आणखी सोपा मार्ग काढला. तो दांड्याच्या अलीकडेच थांबला, नळी सोडली आणि म्हणाला, इथून न्या. मग चारशे मीटर बादल्या. व्हॅनताई दोन हातांत दोन बादल्या घेऊन मिलिग्रॅमच्या दारावरून गेल्या आणि म्हणाल्या, "पायी शून्य ना हो? का बादलीचा आस वेगळा मोजायचा?"

दुपारी वकीलकाका आले. "तू हुशार आहेस," ते म्हणाले. या वाक्यानंतर काही चांगलं येत नाही हे मिलिग्रॅमला ठाऊक होतं. "पण सोमवारी तो दांडा काढ. लोक माझ्या घरावर यायला लागलेत."

"काका, पद्धत बरोबर आहे. माणसं चुकतायत."

"माणसं बदलायला ठेकेदार मिळत नाही," वकीलकाका म्हणाले आणि खड्डा चुकवत घरी गेले.

शनिवारी सकाळी फोन वाजला. आई.

"तू गल्ली अडवलीस म्हणे."

"तसं नाही गं, ते न्यायाचं..."

"उद्या ताईची माणसं येतायत. मी उद्या येते."

"आई, रस्ता झालेला नाही. गाडी आणता येणार नाही."

"तुझ्या टोलवर पायी माणसाला किती पडतं?"

"शून्य."

"मग पायी येते. डॉक्टर रोज चाला, चाला म्हणून मागे लागतात. मी इथे अंगणात रोज अर्धा तास चालते. तुला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं. सहा आठवडे तो चाकांचा विचार करत होता. पायी माणसापुढे त्याने स्वतःच शून्य लिहिलं होतं, आणि ज्याचं उत्तर शून्य येतं तिकडे माणूस पुन्हा बघत नाही.

रविवारी आठ वाजता ताईची गाडी हमरस्त्यावर थांबली. आई वॉकर धरून उतरली. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला सून, मागे प्लास्टिकची खुर्ची घेऊन मिलिग्रॅम. रोखपालकाकांनी दांडा वर केला. शून्य रुपयांची पावती फाडावी की नाही या विचारात ते अर्धवट उठले होते.

"दम लागला," आई म्हणाली. ती तीन मीटर चालली होती. मिलिग्रॅमने खुर्ची ठेवली. ती बरोबर रोखपालकाकांच्या फाटकात आली.

"तुम्ही नऊ पावलंच वापरता म्हणे रस्ता," आई बसत म्हणाली.

"हो ना वहिनी."

"आणि रोज दुपारी आमच्या शेजारच्या घरात पत्ते खेळायला येता, ते कसे येता?"

रोखपालकाका पावतीपुस्तक सारखं करू लागले. आईने पुन्हा विचारलं नाही. ती नुसती बसली. तिसऱ्या मिनिटाला काका आत गेले आणि साडेचार हजार घेऊन आले. सुनेने पावतीपुस्तक उचललं.

पुढच्या फाटकात आईला पुन्हा दम लागला. त्याच्या पुढच्यातही. ती पैसे मागत नव्हती. कुणाच्या मुलाची परीक्षा कशी झाली विचारायची, कुणाचा गुडघा कसा आहे विचारायची, आणि मग रस्त्याकडे बघत गप्प बसायची. वॉकरचे चार पाय आणि खुर्चीचे चार पाय मिळून फाटक पुरतं अडायचं. व्हॅनताई एका मिनिटात दीड हजार देऊन मोकळ्या झाल्या, वर स्वतःच्या हाताने खुर्ची उचलून पुढच्या दारात ठेवून आल्या.

वकीलकाका बाहेरच उभे होते. "वहिनी, मी तर पहिल्या दिवशीच सहा हजार म्हणालो होतो."

"सगळ्यांनी द्यावेत म्हणालात," आई म्हणाली. "मी देतो, असं म्हणालेलं कुणी ऐकलं नाही."

चार मिनिटं, सहा हजार.

तीन मोटारीवाले गृहस्थ सर्वांत चिवट निघाले. त्यांना स्टेशनवर पाहुणे आणायला जायचं होतं, मोटार चालू होती, आणि आई मोटारीसमोर बसून त्यांना समानतेबद्दल ऐकायचंय म्हणत होती. त्यांनी बोलायला सुरुवात केली. आईने मन लावून ऐकलं. अठराव्या मिनिटाला त्यांचे शब्द संपले, आणि त्यांनी सत्तावीस हजारांचा चेक लिहिला.

तोवर मागून टँकर येऊन उभा होता. हॉर्न नाही. टँकरवाला इंजिन बंद करून खाली उतरला, थोडा वेळ बघत राहिला आणि मग सुनेच्या हातात पाच हजार ठेवले.

"पाण्याला लावणार नाही," तो म्हणाला. "हे माझे."

या सगळ्यात मिलिग्रॅम खुर्ची उचलत होता, ठेवत होता आणि वहीत टिपणं घेत होता, कारण त्याच्या डोळ्यांसमोर एक अशी गोष्ट घडत होती जी कुठल्याच सूत्रात बसत नव्हती. त्याने रकमा मोटारींच्या संख्येशी लावून बघितल्या. जमेना. वजनाशी, घराच्या आकाराशी, हमरस्त्यापासूनच्या अंतराशी. छे. अडतिसाव्या घरापाशी त्याच्या लक्षात आलं की तो घड्याळही बघत होता. आलेखावर रक्कम आणि आई बसलेली मिनिटं मांडली, तर सरळ रेषा. मिनिटाला दीड हजार. जो लवकर देई त्याला स्वस्त, जो टाळाटाळ करी त्याला महाग. न्यायाची इतकी साधी पद्धत त्याने आजवर कुठे वाचली नव्हती.

साडेअकरा वाजता ते शेवटच्या घरापाशी, म्हणजे स्वतःच्या दारात पोचले. सुनेने बेरीज केली. अकरा हजार कमी पडत होते.

"चला आई, आत पडा आता," ती म्हणाली.

"दम लागला," आई म्हणाली.

मिलिग्रॅमने सवयीने खुर्ची ठेवली. आई बसली. वॉकर समोर ओढून घेतला. दार पुरतं अडलं.

"आई, आपली फक्त स्कूटर आहे," मिलिग्रॅम म्हणाला. "आपल्या वाट्याला पूर्ण रुपयासुद्धा येत नाही."

"नसेल येत."

"मी तर सगळं आखून दिलं. मेहनत धरली तर..."

"धर की." आई गल्लीकडे बघत होती. "मला घाई नाही. सहा आठवड्यांनी आलेय, बसते थोडी."

बायकोने वही त्याच्या हातातून घेतली आणि घड्याळ बघितलं. ताई जिन्याच्या पायरीवर टेकली. पलीकडच्या गॅलरीत व्हॅनताई आल्या, त्यांच्या शेजारी वकीलकाका, आणि रोखपालकाका तर दांडा सोडून इथवर चालत आले होते. सगळे खोळंबून उभे होते, जशी भाजीवालीच्या रांगेतली नऊ माणसं कधीतरी त्याच्यामुळे उभी राहिली असतील.

सात मिनिटं वीस सेकंदांनी मिलिग्रॅम आईच्या खुर्चीला वळसा घालून, अंग चोरून आत शिरला आणि चेकबुक घेऊन बाहेर आला. अकरा हजार, अक्षरी आणि अंकी.

बायकोने बिंदू मांडला आणि वही त्याच्यासमोर धरली. तो रेषेवर बरोबर बसला होता, केसभरही इकडे तिकडे नाही. मिलिग्रॅम त्याच्याकडे बघत राहिला. तोवर आई उठून आपल्या पायांनी घरात गेली होती.